सुकेळी नको, मुनवा द्या

विरारहून पश्चिमेला आगाशीच्या बाजूला गेले की सुकेळी विकत मिळतात. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुकल्या पानात बांधून ठेवायची, असा हा वसईचा जुना पदार्थ. गोड असतो, टिकतोही पुष्कळ. पण सुकेळे जमिनीत पुरून कुणाला केळ लागल्याचे ऐकिवात नाही. खरे तर ताज्या केळ्यातूनही झाड येत नाही, कारण आपण खातो त्या जातींत रुजणारे बी उरलेलेच नाही. झाड हवे असेल तर कुणाच्या तरी बागेतून मुनवा आणावा लागतो. मुनवा नुसता मिळूनही भागत नाही. तो कोणत्या झाडाचा, कधी काढला, किती खोल लावायचा, हे देणाऱ्याने सांगावे लागते.

संगणकाच्या आज्ञावल्यांचे पुष्कळसे असेच आहे. आज्ञावली लिहिणारा माणूस ती माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो. तिला मूळ आज्ञावली किंवा सोर्स कोड म्हणतात. मग कंपायलर नावाची दुसरी आज्ञावली तिचे यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत रूपांतर करते. आपण संगणकावर किंवा फोनवर बसवतो ते हे आकडे, म्हणजे सुकेळे. ते वापरता येते. पण आत काय आहे हे वाचता येत नाही आणि बदलणे तर जवळजवळ अशक्यच. वापरणाऱ्याला मुनवाही मिळाला पाहिजे, हा विचार घेऊन रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये त्याला कायद्याचे रूप देणारा जीपीएल हा परवाना आला. हक्क कागदावर आला त्याला तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. तेव्हा आमची तक्रार कागदाबद्दल नाही. मुनवा प्रत्यक्ष हातात कसा पडतो, किंवा कसा पडत नाही, त्याबद्दल आहे.

हा विषय शिक्षकांच्या मासिकात कशाला, असे कुणाला वाटेल. आम्हालाही तसेच वाटत होते. पण वसईतल्या प्राथमिक शिक्षकांच्या एका बैठकीत एका बाईंनी पहिलीच्या वर्गासाठी संगणकावर तयार केलेली अक्षरकार्डे दाखवली. अक्षरे ठळक, सुबक, फॉन्ट मोफत मिळालेला आणि तोही मुक्त परवान्याचा. "पण हा 'ल' आमच्या पोरांचा नाही," बाई म्हणाल्या. खरोखरच नव्हता. वर्गात फळ्यावर शिकवलेला 'ल' दोन पाकळ्यांचा, आणि कार्डावर उजवीकडे उभा दंड असलेला, हिंदी पुस्तकांत दिसतो तसा. सहा वर्षांच्या मुलाला ही दोन निरनिराळी अक्षरे वाटतात, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. "फॉन्ट मुक्त आहे म्हणता, मग मला तो बदलता का येत नाही?" असा बाईंचा प्रश्न होता. त्याचे उत्तर तिथल्या तिथे आम्हाला देता आले नाही, आणि त्यातूनच हा लेख लिहावासा वाटला.

'ल' आणि 'श' यांच्या वळणांचा वाद महाराष्ट्राला नवा नाही. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवून दिली आणि १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयाने तिच्यात सुधारणा केली. त्यात पाकळीयुक्त 'ल'चा पुरस्कार झाला आणि 'श'च्या वळणाचाही निर्णय झाला. कोणते वळण बरोबर, या वादात आम्ही पडत नाही. मुद्दा वेगळा आहे. लिपीविषयीचा निर्णय पंधरा वर्षांच्या आत बदलू शकतो. तो बदलला की शाळेतल्या फळ्यावरचा 'ल' दुसऱ्या दिवशी बदलता येतो; संगणकातला 'ल' बदलायला मात्र फॉन्टचा मुनवा लागतो.

फॉन्टचा मुनवा म्हणजे काय, हे जरा सविस्तर पाहू, कारण मूळ आज्ञावली म्हणजे नेमके काय हा प्रश्न इथे फार छान उलगडतो. फॉन्टची फाइल संगणकात बसवतो तिच्या नावाशेवटी बहुधा टीटीएफ ही अक्षरे असतात. तिच्यात दोन गोष्टी असतात. एक, अक्षरांची चित्रे. ही ठिपक्यांची नसतात; बाह्यरेषा वक्रांच्या रूपाने साठवलेल्या असतात. दोन, नियम. देवनागरीत नियमांशिवाय एक ओळही धड उमटणार नाही. 'क', हलन्ताची खूण आणि 'ष' अशी तीन चिन्हे ओळीने आली तर 'क्ष' काढ. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येत असली तरी चित्रात आधी काढ. असे शेकडो नियम. आचार्यास जेवण दिले आणि आचाऱ्यास जेवण दिले, या दोन वाक्यांत जेवण कुणाला मिळाले हे 'र'च्या एका खुणेवर ठरते. ही खूण मराठीला लागते, आणि ती केव्हा काढायची याचा नियम फॉन्टमध्ये नसेल तर आचारी उपाशी राहतो. काही देवनागरी फॉन्टांत मराठीसाठी 'ल'चे वेगळे चित्र आणि 'मजकूर मराठी असेल तर हे घे' असा नियमही असतो. पण मजकूर मराठी आहे हे लिहिणाऱ्या आज्ञावलीने फॉन्टला सांगावे लागते, आणि भाषेचा पर्याय हिंदीवर ठेवलेला असला की तो नियम झोपूनच राहतो.

आता, टीटीएफ फाइल पूर्ण बंद डबा नाही. फॉन्टफोर्जसारख्या मुक्त आज्ञावलीत ती उघडते, अक्षरांच्या रेषा दिसतात, ओढून बदलताही येतात. म्हणून काही फॉन्टकर्ते म्हणतात, टीटीएफ दिली म्हणजे सगळे दिलेच की! हे म्हणणे अर्धेच खरे आहे. फॉन्ट रेखाटणारा सहसा ज्या वक्रांत काम करतो त्यांचे समीकरण तिसऱ्या घाताचे असते. टीटीएफमध्ये दुसऱ्या घाताचे वक्र असतात. रूपांतर करताना आकार जवळपास तोच राहतो, पण नियंत्रण करणारे बिंदू वाढतात आणि सरकतात. एका बिंदूला धरून पाकळी फुगवता येत होती, तिथे आता आठ बिंदू सांभाळावे लागतात. मूळ फाइलमध्ये शिरोरेषा आणि उभा दंड हे सुटे भाग असू शकतात, एकदा काढलेले आणि पन्नास अक्षरांत वापरलेले. बांधणी करताना एकमेकांवर आलेले भाग जोडून टाकण्याची पद्धत असल्याने ते वितळून एक होतात. नियमांना माणसाने दिलेली नावे आणि शेजारी लिहिलेल्या टिपा जातात. शाळेतले उदाहरण द्यायचे तर पाठ्यपुस्तकाच्या पीडीएफमधून एखादा उतारा उचलता येतो, पण पुस्तक नव्याने मांडायचे असेल तर मांडणी करणाऱ्याची मूळ फाइलच लागते.

जीपीएल परवान्यात मूळ आज्ञावलीची व्याख्या करताना एक फार शहाणपणाची अट घातली आहे. बदल करण्यासाठी ज्या रूपात काम करणे पसंत केले जाते ते रूप म्हणजे सोर्स. भाषा कोणती, फाइल कोणत्या प्रकारची, हे सांगितलेले नाही. कर्ता स्वतः जे उघडून काम करतो तेच दुसऱ्याला द्यायचे, एवढीच कसोटी. शिवाय बांधणी आणि बसवणूक करण्यासाठी लागणाऱ्या सूचनांच्या फाइलीही सोर्सचाच भाग मानल्या आहेत. आमच्या मते या विषयावर आजवर लिहिले गेलेले सर्वांत नेमके वाक्य हेच.

फॉन्टांच्या जगात मात्र हा परवाना फारसा रुजला नाही. मुंबईच्या इंडिकट्रान्स गटाचा 'गार्गी' हा मुक्त परवान्याच्या सुरुवातीच्या देवनागरी युनिकोड फॉन्टांपैकी एक. त्याच सुमारास, २००४ मध्ये, रेड हॅट कंपनीने 'लोहित' ही भारतीय लिप्यांची मालिका जीपीएलखाली खुली केली. २०११ मध्ये लोहितचा परवाना बदलून ओएफएल हा खास फॉन्टांसाठीचा परवाना घेतला गेला. बदलाला कारणे होती. फॉन्ट एखाद्या दस्तऐवजात गुंफला तर त्या दस्तऐवजालाही जीपीएल लागू होतो का, हा घोळ त्यातून सुटला. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे आज सर्वत्र दिसणारे फॉन्टही ओएफएलखालीच आहेत. पण ओएफएल वापरणाऱ्याला बदल करण्याचा हक्क देतो आणि मूळ फाइली देण्याचे बंधन कर्त्यावर घालत नाही. म्हणजे बागेत शिरून मुनवा काढायची परवानगी आहे, पण बाग कुठे आहे हे सांगायची सक्ती नाही. लोहितच्या मंडळींनी बंधन नसतानाही मूळ फाइली खुल्या ठेवल्या, आणि पुढे नियमांच्या फाइली चित्रांपासून वेगळ्या, वाचता येतील अशा लिहिल्या, जेणेकरून दुसऱ्या देवनागरी फॉन्टलाही त्या वापरता याव्यात. याचे श्रेय परवान्याला नाही, त्या माणसांना आहे. असे न करणारेही पुष्कळ आहेत.

बाईंच्या फॉन्टचे काय झाले होते? परवाना ओएफएलच होता. टीटीएफ फाइल एका संकेतस्थळावरून उतरवलेली. तिथे मूळ फाइलींचा पत्ता नव्हता. शोधता शोधता प्रकल्पाचे भांडार सापडले, त्यात मूळ फाइली होत्या, पण त्या दोन आवृत्त्या पुढच्या. बाईंच्या संगणकातला फॉन्ट ज्या फाइलींपासून बांधला गेला त्या नेमक्या कोणत्या, याची खूण कुठेच केलेली नव्हती. फॉन्ट बांधायचा कसा, हेही लिहिलेले नव्हते. कर्त्यांना हे ठाऊकच असणार. आपल्या स्वयंपाकघरातले मीठ कुठे आहे ते आपण कधी लिहून ठेवतो का?

इथे आम्हीही पायाखाली पाहिले पाहिजे. आमच्या संशोधनासाठी लिहिलेली आकडेमोडीची एक आज्ञावली आम्ही दुसऱ्या गावच्या सहकाऱ्याला मोठ्या उदारपणे पाठवली होती. तीन आठवड्यांनी त्यांचे पत्र आले: आज्ञावली जी प्रारंभिक आकड्यांची फाइल वाचते ती सोबत नाही. आमच्या संगणकावर ती इतकी वर्षे एकाच जागी होती की ती आज्ञावलीचा भाग नाही हेच आम्ही विसरलो होतो.

तर सोर्स 'उपलब्ध आहे' आणि सोर्स 'दिला आहे' यांत फरक आहे. जुन्या परवान्यांना हा फरक चांगला कळत होता. १९९१ च्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत यंत्ररूप देणाऱ्यापुढे पर्याय ठेवले होते. एकतर मूळ आज्ञावली सोबतच द्यायची. नाहीतर, मागेल त्याला ती दिली जाईल असे किमान तीन वर्षे बांधील राहणारे लेखी वचन द्यायचे आणि त्यासाठी प्रत काढून पाठवण्याच्या खर्चापेक्षा जास्त घ्यायचे नाही. यंत्ररूप एखाद्या जागेवरून उतरवू दिले असेल तर मूळ आज्ञावलीही त्याच जागेवरून तितक्याच सहज उतरवता आली की पुरे. तेव्हा माध्यम म्हणजे टेप किंवा फ्लॉपी. १९८५ च्या सुमारास स्टॉलमन स्वतः ईमॅक्स या आज्ञावलीची टेप १५० डॉलरला टपालाने पाठवत आणि त्यावर गुजराण करत. यात काही वावगे नव्हते. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, आणि टपालखर्च तर कुणालाच चुकत नाही. २९ जून २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीने मूळ आज्ञावली दुसऱ्या सर्व्हरवर ठेवायलाही मुभा दिली, मात्र ती कुठे आहे हे यंत्ररूपाच्या शेजारीच स्पष्ट लिहिले पाहिजे, असे बजावून.

हे प्रकरण किती जवळचे आहे ते पाहायचे असेल तर आपल्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये फोनविषयीच्या, कायदेशीर माहितीच्या पानावर जा. तिथे परवान्यांची न संपणारी यादी दिसेल. फोनच्या गाभ्यातील लिनक्स कर्नल जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, म्हणजे ज्याच्या हातात तो फोन आहे त्याला त्या कर्नलची मूळ आज्ञावली मागण्याचा हक्क आहे. नववी-दहावीच्या मुलांना उत्पादकाकडे अशी मागणी करणारे पत्र लिहायला सांगावे. मराठीच्या तासाला औपचारिक पत्रलेखन शिकवतोच आपण. ग्रंथपालाला काल्पनिक विनंती करण्यापेक्षा हे बरे. उत्तर आले नाही तर तोही एक निष्कर्षच.

हक्क कुणाचा, हा प्रश्न २०२३ मध्ये पुन्हा तापला. लोहित खुली करणाऱ्या याच रेड हॅट कंपनीने, जिचे मोठे कार्यालय पुण्यात आहे, त्या वर्षीच्या जूनमध्ये जाहीर केले की आपल्या व्यावसायिक लिनक्सची जशीच्या तशी मूळ आज्ञावली यापुढे सर्वांसाठी ठेवली जाणार नाही. ती ग्राहकांना मिळेल, आणि सर्वांसाठी 'सेंटओएस स्ट्रीम' ही सतत पुढे सरकणारी धारा खुली राहील. फार आरडाओरडा झाला. कायद्याने पाहिले तर जीपीएल सोर्स जगाला द्यायला सांगत नाही, ज्याला यंत्ररूप दिले त्याला द्यायला सांगतो. तेवढ्यापुरती कंपनीची बाजू आम्हाला मान्य आहे. खटकते ते दुसरेच. ग्राहकाने मिळालेली मूळ आज्ञावली पुढे वाटली तर कंपनी त्याच्याशी करार संपवू शकते, असे करारात आहे. मुनवा द्यायचा, पण शेजाऱ्याला दिलास तर पुढच्या वर्षी माझ्या दारात येऊ नकोस म्हणायचे. याला देणे म्हणावे का?

सरकारी आज्ञावल्यांत प्रश्न आणखी गंभीर होतो, कारण तिथे वापरणारा स्वखुशीने आलेला असतोच असे नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त आज्ञावल्यांच्या वापराचे धोरण स्वीकारले आणि सरकारी आज्ञावल्यांची मूळ आज्ञावली खुली करण्याचेही धोरण आणले. पाच वर्षांनी करोनाच्या साथीत त्याची कसोटी लागली. २ एप्रिल २०२० रोजी आलेले 'आरोग्य सेतू' कोट्यवधी लोकांनी फोनवर घेतले. काहींना ते घ्यावेच लागले. ते नेमकी कोणती माहिती कुठे पाठवते, ही शंका रास्त होती. २६ मे २०२० रोजी अँड्रॉइड आवृत्तीची मूळ आज्ञावली खुली केल्याची घोषणा झाली. आयफोनची दोन आठवड्यांत आणि सर्व्हरची त्यानंतर येईल, असे सांगितले गेले. पाऊल चांगलेच होते. पण एवढ्याने शंका फिटत नाही. खुल्या केलेल्या मूळ आज्ञावलीपासूनच आपल्या फोनमधले ॲप बांधले आहे, हे कशावरून? सुकेळ्याच्या शेजारी मुनवा ठेवला म्हणून सुकेळे त्याच जातीचे ठरत नाही. टीकाकारांनी हा मुद्दा त्या वेळी मांडला होता.

ही शंका अतिरेकी वाटत असेल तर मार्च २०२४ मधले 'एक्सझेड'चे प्रकरण पाहावे. फाइली दाबून लहान करणारी ही साधी, जुनी, जगभर वापरली जाणारी मुक्त आज्ञावली. एका थकलेल्या स्वयंसेवकाच्या हातून तिचा कारभार एका टोपणनावाच्या माणसाने दोन-तीन वर्षे गोड बोलून, खरी मदत करून हळूहळू आपल्याकडे घेतला. आणि मग ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला, ज्यातून जगातल्या असंख्य सर्व्हरांत शिरता आले असते. आता आपल्या विषयाला लागू असलेला भाग. मुक्त प्रकल्प मूळ आज्ञावली बहुधा दोन वाटांनी देतात. एक वाट गिट नावाच्या भांडाराची. तिथे प्रत्येक बदल, कुणी केला, कधी केला, सगळा इतिहास दिसतो. दुसरी वाट टारबॉलची, म्हणजे एखाद्या आवृत्तीच्या फाइलींचे एक बांधलेले गाठोडे. भामट्याने विषाची कुपी चाचणीच्या फाइली म्हणून भांडारात ठेवली, पण ती उघडणारी किल्ली, बांधणीच्या सूचनांतली एक फाइल, फक्त गाठोड्यात घातली. भांडार वाचणाऱ्याला ती दिसणारच नव्हती. आणि लिनक्सच्या वितरकांनी बांधणीसाठी गाठोडेच घेतले होते. गाठोड्यावर डिजिटल सही होती, ती पडताळून बरोबरही येत होती, कारण सही करणारा तोच होता! अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ संगणकावर प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे खटकले. त्याने माग काढला आणि २९ मार्चला जगाला सावध केले. अर्धा सेकंद! प्रयोगशाळेत मापनातला लहानसा फरक 'चालायचेच' म्हणून सोडून देणाऱ्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट जरूर सांगावी.

या प्रकरणानंतर काहीजण म्हणू लागले की गाठोडी बंदच करा, ज्याला हवे त्याने भांडारातूनच घ्यावे. आम्हाला हे पटत नाही. भांडार कर्त्यांच्या सोयीचे असते. कर्नलचे गाठोडे दीडशे मेगाबाइटच्या आतबाहेर असते, तर इतिहासासकट भांडार उतरवायचे म्हणजे कित्येक गिगाबाइट. जिल्ह्याच्या पूर्वेला जव्हार-मोखाड्याच्या शाळेत, किंवा संध्याकाळी सगळ्या वसाहतीने एकदम मालिका लावल्यावर नालासोपाऱ्यातही, हा फरक कळतो. काही संकेतस्थळे भांडारातून आपोआप गाठोडे बांधून देतात, पण ती दरवेळी नव्याने बांधली जात असल्याने बिट न बिट सारखी राहतीलच असे नाही. जानेवारी २०२३ मध्ये गिटहबवर गाठोडे दाबण्याची पद्धत किंचित बदलली आणि जगभरच्या पडताळण्या एकाएकी चुकू लागल्या. तो बदल मागे घ्यावा लागला. गाठोडे हवेच. मात्र ते भांडारातल्या नेमक्या कोणत्या क्षणाचे चित्र आहे हे त्यावर लिहिलेले असावे, आणि कुणालाही भांडारातून स्वतः गाठोडे बांधून दोन्ही ताडून पाहता यावीत. पुढची पायरी म्हणजे त्याच मूळ आज्ञावलीपासून कुणीही, कुठेही बांधणी केली तरी यंत्ररूप तंतोतंत तेच आले पाहिजे. डेबियन या १९९३ पासूनच्या स्वयंसेवी लिनक्स प्रकल्पात २०१३ पासून हे काम चिकाटीने चालू आहे. विज्ञानात आपण ज्याला प्रयोगाची पुनरावृत्ती म्हणतो तेच हे.

डेबियनची वाटपाची रीतही आम्हाला सर्वांत प्रामाणिक वाटते. प्रत्येक आज्ञावलीसाठी मूळ कर्त्याचे गाठोडे हात न लावता ठेवलेले असते. डेबियनने केलेले बदल वेगळे. आणि दोन्हींची ओळख पटवणारी सही केलेली एक छोटी फाइल. यंत्ररूप जिथून मिळते तिथूनच, एका आज्ञेने, त्याच आवृत्तीचा सोर्स मिळतो. तो सर्वांवर लादला जात नाही. हजारात नऊशे नव्याण्णव जणांना तो नकोच असतो, आणि 'कोण बघणार आहे?' हा आक्षेप तेवढ्यापुरता बरोबरही आहे. पण उरलेला एक जण कोण असेल हे आधी सांगता येत नाही. तो वसईतल्या पहिलीच्या बाईही असू शकतो.

याहून धीट प्रयोग आपल्याच जवळच्या रायगड जिल्ह्यात होऊन गेला आहे. मुलामागे एक लॅपटॉप या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैराट या वाडीतल्या लहानशा शाळेत सुरू झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपवर 'शुगर' नावाची मुक्त प्रणाली होती, आणि कळफलकावर 'सोर्स पाहा' अशा अर्थाची खूण असलेली खास कळ होती. समोर जे चालले आहे त्याच्या मागची आज्ञावली त्या कळीने तिथेच उघडावी, ही कल्पना. शुगरमधले खेळ आणि कृती पायथन भाषेत लिहिल्या होत्या आणि पायथनमध्ये लिहिलेले तेच थेट चालवले जाते, म्हणून मुनवा वेगळा पाठवण्याचा प्रश्नच उरत नव्हता. लॅपटॉपची साठवण अवघी एक गिगाबाइट. तरी सोर्स ठेवायला जागा नाही असे कुणी म्हटले नाही. सगळे आलबेल नव्हते. बिनतारी जोडणीच्या चिपमधली आज्ञावली बंदच होती, आणि इंग्रजी शब्दांनी भरलेली पायथनची पाने वाडीतल्या मुलांना कितपत वाचता आली असतील याबद्दल आम्ही साशंक आहोत. योजनाही पुढे ओसरली. पण वापरणाऱ्याच्या हाताखाली, त्याच यंत्रात, संपर्काशिवाय सोर्स असावा, ही तिची कल्पना आम्हाला आजही त्या लॅपटॉपपेक्षा मोठी वाटते.

मराठीत अशी एक वस्तू आजही आहे आणि ती आपल्यापैकी अनेकांच्या संगणकात असेल. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स यांतील शुद्धलेखन तपासनीस हनस्पेल पद्धतीचा शब्दकोश वापरतो. त्याच्या दोन फाइली असतात: एकीत शब्द, दुसरीत प्रत्यय लावण्याचे नियम. दोन्ही साधा मजकूर. कोणत्याही संपादकात उघडतात. इथे सुकेळे आणि मुनवा एकच. वसईतल्या एखाद्या शाळेला सामवेदी किंवा वाडवळी बोलीतले शब्द जमवून त्यांचा वेगळा कोश करायचा असेल तर कुणाची परवानगी नको, कुठले भांडार शोधायला नको. प्रत्ययांचे नियम लिहिताना व्याकरणाचा तास आपोआप होईल, तो भाग वेगळा.

बाईंच्या फॉन्टचे सांगायचे राहिले. आम्ही प्रकल्पाच्या मंडळींना लिहिले. पंधरा दिवसांनी सौजन्याचे उत्तर आले आणि सोबत जुन्या आवृत्तीच्या मूळ फाइली. नववीतली तीन मुले, बाई आणि आम्ही असे शनिवारी दुपारी बसू लागलो. पहिला शनिवार बांधणीसाठी लागणारी अवजारे जमवण्यात गेला. दुसऱ्या शनिवारी कळले की त्यांतल्या एका अवजाराची नवी आवृत्ती चालत नाही, दोन वर्षांपूर्वीचीच लागते. ओएफएलच्या अटीप्रमाणे कर्त्यांनी फॉन्टचे नाव राखून ठेवले होते, म्हणून बदललेल्याला दुसरे नाव देणे भाग होते. त्यावर मुलांनी अर्धा तास भांडण केले. तिसऱ्या शनिवारी 'ल' दोन पाकळ्यांचा उमटला आणि त्याच्या भागांवर आधारलेला 'ल्ल' आपोआप सुधारला. बदललेल्या मूळ फाइली, चालणाऱ्या अवजारांच्या आवृत्त्या आणि बांधणीच्या आज्ञा, असे सगळे एका पेनड्राइव्हवर भरून तालुक्यातल्या चार शाळांना दिले आहे. 'ल्ह' मात्र अजून जुन्याच वळणाचा येतो. तो वेगळा काढलेला होता. कोल्हा लिहायची वेळ येण्याआधी तो करून हवा, असे बाईंनी बजावले आहे.